कार्यप्रणालीविना बहुप्रक्रियक संगणन

कार्यप्रणालीविना बहुप्रक्रियक संगणन म्हणजे संगणकातील एकाहून अधिक प्रक्रियकांचा, अर्थात प्रोसेसरांचा, कार्यप्रणालीच्या म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमच्या मदतीशिवाय सॉफ्टवेअरने केलेला वापर होय. असा वापर शक्य आहे. मात्र यंत्राचा ताबा कोणाकडे आहे यावर ते अवलंबून असते. यंत्र पूर्णपणे ज्याच्या हाती आहे, असे सॉफ्टवेअर सर्व प्रक्रियक स्वतः सुरू करून त्यांना कामाला लावू शकते. याउलट, एखाद्या कार्यप्रणालीने यंत्राचा ताबा आधीच घेतला असेल आणि ती एकच प्रक्रियक वापरणारी असेल, तर तिच्या आश्रयाने चालणाऱ्या सामान्य आज्ञावलीला दुसऱ्या प्रक्रियकापर्यंत पोहोचता येत नाही. कार्यप्रणाली हेही शेवटी एक सॉफ्टवेअरच आहे. तिला जे करता येते त्यासाठी वेगळी अशी कोणतीही यांत्रिक शक्ती लागत नाही; लागतो तो केवळ अधिकार.

संज्ञा

आज्ञा अमलात आणणाऱ्या संगणकाच्या भागाला प्रक्रियक म्हणतात. पूर्वी एका चिपमध्ये एकच प्रक्रियक असे आणि अधिक हवे असल्यास मुख्य बोर्डावर दोन किंवा चार चिप्स बसवाव्या लागत. आयबीएमच्या २००१ मधील पॉवर४ या चिपमध्ये दोन प्रक्रियक एकत्र आले. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी घरगुती संगणकांसाठी तशा चिप्स विक्रीस आणल्या. एका चिपमधील अशा प्रत्येक प्रक्रियकाला 'कोअर' म्हणतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कोअर आणि स्वतंत्र प्रक्रियक यांत या लेखापुरता फरक नसल्याने पुढे दोहोंसाठी 'प्रक्रियक' हाच शब्द वापरला आहे.

कार्यप्रणालीचा यंत्रावर पूर्ण अधिकार असलेला केंद्रीय भाग म्हणजे कर्नल. आज्ञावलीतील स्वतंत्रपणे चालू शकणाऱ्या आज्ञांच्या ओघाला 'थ्रेड' असे म्हणतात. दोन थ्रेड दोन प्रक्रियकांवर एकाच वेळी चालू शकतात. एकच थ्रेड मात्र एका वेळी एकाच प्रक्रियकावर असतो.

'अमुक कार्यप्रणालीचा दोन प्रक्रियकांना आधार नाही' हे वाक्य नीट वाचले पाहिजे. ते त्या कार्यप्रणालीविषयी आहे, यंत्राविषयी नाही. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

यंत्र सुरू होताना

इंटेल आणि एएमडी यांच्या परिचित एक्स८६ घराण्यातील यंत्रात वीज आल्यावर सर्व प्रक्रियक एकदम आज्ञावली चालवू लागत नाहीत. त्यांतील एक प्रक्रियक आरंभकर्ता ठरतो व बाकीचे थांबून राहतात. प्रत्येक प्रक्रियकाजवळ व्यत्यय-संदेश म्हणजे इंटरप्ट हाताळणारा एक स्थानिक नियंत्रक असतो. आरंभकर्ता प्रक्रियक आपल्या नियंत्रकाच्या ठरावीक पत्त्यावर योग्य आकडे लिहितो आणि त्यामुळे दुसऱ्या प्रक्रियकाकडे संदेश जातो. पहिला संदेश त्याला मूळ स्थितीत आणतो. त्यानंतरचा संदेश 'या ठिकाणाहून सुरू कर' असे सांगतो. या संदेशात एक पृष्ठक्रमांक असतो. त्याला ४,०९६ ने गुणले असता मेमरीच्या पहिल्या १ मेगाबाइटमधील जो पत्ता मिळतो, तेथून जागा झालेला प्रक्रियक काम सुरू करतो. आजचा अत्याधुनिक प्रक्रियकही या क्षणी १९७८ च्या ८०८६ या पूर्वजासारखाच १६ बिटांच्या अवस्थेत जागा होतो आणि तेथून त्याला पायरीपायरीने आधुनिक अवस्थेत आणावे लागते.

यंत्रात एकूण किती प्रक्रियक आहेत हे बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, एका तक्त्यात लिहून ठेवते. इंटेलने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुप्रक्रियक विनिर्देशात अशा तक्त्याचे स्वरूप ठरवून दिले होते. आता हेच काम एसीपीआयचे तक्ते करतात. नव्या यंत्रांतील यूईएफआय हे फर्मवेअर तर याहून पुढे जाते. 'हे काम इतर प्रक्रियकांवर चालव' अशी सोय ते कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वीच उपलब्ध करून देऊ शकते.

या सर्व प्रक्रियेत कार्यप्रणालीचा उल्लेख कोठेही येत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मेमरी तपासणारे 'मेमटेस्ट८६' हे याचे रोजच्या वापरातील उदाहरण. विंडोज किंवा लिनक्स सुरू न करता हे साधन थेट पेन ड्राइव्हवरून चालते आणि तरीही तपासणीसाठी अनेक प्रक्रियक वापरू शकते.

प्रक्रियक जागा करणे हे मोजक्या ओळींचे काम आहे. त्याला कामाला लावणे मात्र कष्टाचे. त्याला स्वतःचा स्टॅक लागतो, व्यत्ययांचा स्वतःचा तक्ता लागतो, आणि पुढे काय करायचे हे सांगणारी काही व्यवस्था लागते. काम संपले की त्याने थांबायचे कोठे आणि पुन्हा उठायचे केव्हा, हेही ठरवावे लागते. ही सारी व्यवस्था आज्ञावलीच्या लेखकाने स्वतः उभी केली, की त्याने नकळत एक छोटी कार्यप्रणालीच लिहिलेली असते.

कार्यप्रणाली हजर असताना

आधुनिक कार्यप्रणाली सामान्य आज्ञावलीला कमी अधिकाराच्या स्थितीत चालवते. त्या स्थितीत मेमरीचे जे पत्ते दिसतात ते कर्नलने आखून दिलेले असतात. वर वर्णिलेल्या नियंत्रकाचे पत्ते त्यांत नसतात. आज्ञावलीने तेथे लिहिण्याचा प्रयत्न केल्यास प्रक्रियकच तिला अडवतो आणि कर्नल बहुधा तिला बंद करते. म्हणून येथे कितीही कुशल आज्ञालेखक असला तरी उपयोग होत नाही.

१९९९ मध्ये ॲबिट या कंपनीने काढलेला बीपी६ हा बोर्ड या संदर्भात आठवण्याजोगा आहे. त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन प्रक्रियक बसवता येत, त्यामुळे हौशी ग्राहकांत तो लोकप्रिय झाला. परंतु त्यावर विंडोज ९८ चालवणाऱ्याचा दुसरा प्रक्रियक स्वस्थ बसून राही. विंडोज ९५, ९८ आणि एमई ही सर्व एकच प्रक्रियक वापरणारी होती. त्याच बोर्डावर विंडोज एनटी किंवा लिनक्स घातले, की दोन्ही प्रक्रियक कामाला लागत. यंत्र तेच, पैसे तेवढेच. फरक केवळ ताबा घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

एमएस-डॉसची गोष्ट वेगळी आहे. डॉस एकाच प्रक्रियकासाठी लिहिलेले आहे, पण ते आज्ञावलीला कोणतीही आडकाठी करत नाही. डॉसखाली चालणारी आज्ञावली यंत्राचा पूर्ण ताबा घेऊ शकते आणि म्हणून दुसरा प्रक्रियक स्वतः जागा करू शकते. मात्र त्या दुसऱ्या प्रक्रियकाने फाइल उघडण्यासाठी डॉसला हाक मारता कामा नये. डॉसच्या आतील नोंदी एका वेळी एकच जण वापरील असे गृहीत धरून लिहिलेल्या आहेत. दोघांनी एकदम हात घातला तर त्या बिघडतात. त्यामुळे दुसऱ्या प्रक्रियकाला केवळ गणिते द्यायची आणि वाचन-लेखन पहिल्याकडे ठेवायचे, हाच सुरक्षित मार्ग उरतो.

कर्नलच्या अधिकाराने चालणारा ड्रायव्हर लिहून एकप्रक्रियक कार्यप्रणालीच्या पाठीमागे दुसरा प्रक्रियक चालवता येईल काय? तत्त्वतः येईल, परंतु त्यात दोन मोठे धोके आहेत. पहिला धोका व्यत्ययांचा. एकप्रक्रियक कर्नल आपल्या नाजूक नोंदी बदलताना काही क्षण व्यत्यय बंद ठेवते आणि तेवढ्या वेळात दुसरे कोणीही मध्ये येणार नाही असे मानते. व्यत्यय बंद होतात ते तिच्या स्वतःच्या प्रक्रियकावरचे. शेजारचा प्रक्रियक चालूच असतो. दुसरा धोका अधिक लपलेला आहे. मेमरीच्या पत्त्यांचे अलीकडचे भाषांतर प्रत्येक प्रक्रियक आपल्याजवळ साठवून ठेवतो. कर्नलने मेमरीचे एखादे पृष्ठ एका आज्ञावलीकडून काढून दुसरीला दिले, तर बहुप्रक्रियक कर्नल इतर प्रक्रियकांना 'जुनी नोंद पुसा' असा संदेश पाठवते. एकप्रक्रियक कर्नलला शेजारी कोणी आहे हेच ठाऊक नसल्याने ती असा संदेश पाठवत नाही. दुसरा प्रक्रियक मग जुन्याच पत्त्यावर लिहीत राहतो आणि कोणाच्या तरी माहितीची नासाडी होते.

कुलपांचा प्रश्न

दोन प्रक्रियक एकच मेमरी वापरतात तेव्हा एकाच वेळी एकच नोंद दोघांनी बदलू नये, यासाठी कुलूप लागते. कुलूप लावणे हे कार्यप्रणालीचेच काम आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही.

नेदरलँड्सचे गणितज्ञ थिओडोरस डेकर यांनी दोन प्रक्रियांसाठी एक रीत शोधली. तीत मेमरी वाचणे व लिहिणे एवढ्या दोनच क्रियांच्या बळावर, कोणत्याही मध्यस्थाशिवाय, दोघे एकमेकांना आळीपाळीने वाट देतात. एड्सखर डिक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये हाच प्रश्न कितीही प्रक्रियांसाठी सोडवून दाखवला. गॅरी पीटरसन यांची १९८१ मधील रीत इतकी छोटी आहे की ती आजही वर्गात फळ्यावर लिहून शिकवली जाते. मात्र फळ्यावर बरोबर असलेली ही रीत आजच्या प्रक्रियकावर जशीच्या तशी चालत नाही. वेग वाढवण्यासाठी प्रक्रियक आपले लेखन काही काळ राखून ठेवतो आणि तोवर पुढचे वाचन करून मोकळा होतो. क्रम असा उलटल्यामुळे दोघांनाही एकाच वेळी आत प्रवेश मिळू शकतो. तो क्रम राखण्यासाठी 'फेन्स' नावाची खास आज्ञा मध्ये घालावी लागते.

प्रत्यक्षात आज अविभाज्य आज्ञा वापरतात. या आज्ञेत वाचणे आणि बदलणे एकाच दमात होते व त्यामध्ये दुसरा प्रक्रियक घुसू शकत नाही. एक्स८६ घराण्यात या आज्ञांना विशेष अधिकार लागत नाही; सामान्य आज्ञावलीही त्या देऊ शकते. म्हणजे कुलूप लावणे आणि काढणे हे कार्यप्रणालीविना होते. कार्यप्रणाली लागते ती कुलूप बंद आढळल्यावर. कुलूप उघडेपर्यंत प्रक्रियकाने रिकामे गोल फिरत राहायचे, की आपली जागा दुसऱ्या कामाला देऊन झोपी जायचे? झोपवणे आणि उठवणे कर्नलच्या हातात असते. लिनक्समधील 'फ्युटेक्स' ही सोय नेमकी याच भेदावर उभी आहे: कुलूप मोकळे असेल तर कर्नलला कळवायचेही नाही, आणि अडले तरच तिच्याकडे जायचे.

कार्यप्रणालीविना चाललेली यंत्रे

सेगा कंपनीचे 'सॅटर्न' हे खेळांचे यंत्र नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले. त्यात हिताचीचे एसएच-२ जातीचे दोन प्रक्रियक होते, प्रत्येकी सुमारे २८.६ मेगाहर्ट्झ वेगाचे. संगणकावर असते तशी कामे वाटणारी कार्यप्रणाली त्यात नव्हती. यंत्र सुरू झाले की एक प्रक्रियक चालू होई. दुसऱ्याला खेळाच्या आज्ञावलीने स्वतः चालू करायचे आणि काम द्यायचे. दोघांची मेमरीकडे जाणारी वाट एकच होती, त्यामुळे एक वाटेवर असताना दुसरा खोळंबे. दुसऱ्या प्रक्रियकाला त्याच्याजवळच्या ४ किलोबाइटच्या कॅशमध्ये मावेल असे काम देणे हेच कौशल्य ठरे. ज्यांना ते साधले नाही किंवा ज्यांनी तसा प्रयत्नच केला नाही, त्यांचे खेळ अर्ध्या यंत्रावर चालले. कार्यप्रणालीविना दोन प्रक्रियक वापरता येतात, पण त्याची किंमत प्रत्येक आज्ञालेखकाला पुन्हा पुन्हा मोजावी लागते, हे या यंत्राइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

पॅरलॅक्स कंपनीच्या २००६ मधील 'प्रोपेलर' या चिपची रचना उलट विचारातून झाली. तीत ३२ बिटांचे ८ प्रक्रियक आहेत. व्यत्यय ही कल्पनाच त्यात नाही. एखाद्या घटनेकडे लक्ष ठेवायचे असेल तर त्यासाठी एक अख्खा प्रक्रियक राखून ठेवायचा. प्रत्येकाला स्वतःची २ किलोबाइट मेमरी आहे, आणि सामायिक मेमरीकडे जाण्याची पाळी सर्वांना क्रमाने येते. दुसरा प्रक्रियक सुरू करण्यासाठी एकच आज्ञा पुरते. सॅटर्नमध्ये जी वाटणी आज्ञालेखकाच्या डोक्यावर होती, ती येथे चिपमध्येच कोरलेली आहे.

आजच्या विद्यार्थ्याला हा विषय स्वतः करून पाहायचा असल्यास रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड सोयीचा आहे. त्यावरील आरपी२०४० ही चिप जानेवारी २०२१ मध्ये आली; तीत दोन प्रक्रियक आणि २६४ किलोबाइट मेमरी आहे. दुसरा प्रक्रियक सुरुवातीला झोपलेला असतो. पहिल्याने दोघांमधील नळीवाटे आकड्यांची ठरावीक माळ पाठवली, की तो जागा होऊन सांगितलेल्या ठिकाणापासून काम सुरू करतो. या जातीच्या प्रक्रियकांत वर सांगितलेल्या अविभाज्य आज्ञा नाहीत. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी तीत ३२ यांत्रिक कुलपे दिली आहेत.

ट्रान्सप्यूटर आणि परम ८०००

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीने १९८० च्या दशकात 'ट्रान्सप्यूटर' नावाचे प्रक्रियक बनवले. कोणते काम आता चालवायचे आणि कोणते थांबवायचे हा निर्णय सर्वसाधारणपणे कर्नल घेते. ट्रान्सप्यूटरमध्ये तो प्रक्रियकाच्या आतच, दोन अग्रक्रम लक्षात घेऊन, घेतला जाई. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. ज्याच्याजवळ स्वतःची आरंभीची आज्ञावली नाही असा ट्रान्सप्यूटर दुव्यावर कान लावून बसे. दुव्यावरून आलेला पहिला बाइट पुढे किती बाइट येणार हे सांगे. तेवढे मेमरीत भरून तो ते चालवू लागे. त्यामुळे एका टोकाला दिलेली छोटी आज्ञावली शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरत जाऊन सगळे जाळे जागे करू शके.

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, १९८८ मध्ये स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेला 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ मध्ये जाहीर झाला. तो ट्रान्सप्यूटरांच्या टी८०० मालिकेवर आधारलेला होता. येथे प्रत्येक प्रक्रियकाची मेमरी स्वतंत्र असते आणि देवाणघेवाण केवळ दुव्यांवरील संदेशांतून होते, म्हणून सामायिक मेमरीच्या कुलपांचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याऐवजी कोणाला कोणता भाग द्यायचा आणि संदेशांची वाट पाहण्यात वेळ कसा दवडायचा नाही, हा प्रश्न उभा राहतो.

अर्धी मदत

'कार्यप्रणालीचा आधार आहे' आणि 'नाही' यांच्या मधल्याही अवस्था आहेत. डेस्टार डिजिटल या अमेरिकी कंपनीने १९९५ मध्ये 'जेनेसिस एमपी' हा चार प्रक्रियकांपर्यंत वाढवता येणारा मॅकिंटॉश-सुसंगत संगणक आणला. त्यावेळची मॅक ओएस एकाच प्रक्रियकावर चाले आणि तिने तसेच चालत राहावे असे ठरले. उरलेले प्रक्रियक वापरण्यासाठी एक वेगळी जोड दिली गेली. जी आज्ञावली मुद्दाम त्या जोडीसाठी लिहिली असेल तिला आपले गणिती काम उरलेल्या प्रक्रियकांकडे पाठवता येई. मात्र तेथून मॅक ओएसच्या बहुतेक सेवा मागता येत नसत. छायाचित्रांवर संस्कार करणाऱ्या फोटोशॉपसारख्या आज्ञावलीला हे सोयीचे होते. बाकीच्यांना अधिकच्या प्रक्रियकांचा फायदा जवळजवळ नव्हता. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आल्यावर ही कसरत संपली.

लिनक्समध्ये १९९६ च्या २.० आवृत्तीपासून अनेक प्रक्रियक चालू लागले, परंतु आरंभी संपूर्ण कर्नलला एकच मोठे कुलूप होते. आज्ञावल्या सगळ्या प्रक्रियकांवर चालत. कर्नलमध्ये मात्र एका वेळी एकालाच प्रवेश मिळे. हे कुलूप तुकड्यातुकड्याने सोडवत २०११ मधील २.६.३९ आवृत्तीत पूर्णपणे काढून टाकले गेले. ज्या कामाला पंधरा वर्षे लागली, ते एखादा ड्रायव्हर परस्पर उरकील ही अपेक्षा किती भाबडी आहे, हे यावरून समजावे.

कधी अडथळा तांत्रिकही नसतो. विंडोज एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत दोन वेगळ्या चिप्सपैकी एकच वापरली जाई. एकाच चिपमधील दोन कोअर मात्र चालत. ही मर्यादा परवान्याची होती.

उलट दिशेने, कार्यप्रणालीनेच काही प्रक्रियक सोडून देण्याचीही रीत आहे. सीमेन्सने २०१३ मध्ये खुले केलेले 'जेलहाउस' लिनक्स चालू असताना तिच्याकडून काही प्रक्रियक काढून घेते आणि त्यांवर कार्यप्रणालीविना चालणारी आज्ञावली बसवते. वेळेची अचूकता सांभाळायची असेल अशा औद्योगिक कामांसाठी याचा विचार झाला. येथेही आरंभी लिनक्सची संमती लागतेच.

एकाच प्रक्रियकातील समांतरता

एकाच प्रक्रियकाच्या आत एकाच वेळी अनेक आज्ञा किंवा आकडे हाताळले जातात, त्याचा वरील प्रश्नाशी गोंधळ होऊ नये. तरीही अधिकाराचा धागा तेथेही दिसतो. १९९७ मध्ये इंटेलने एमएमएक्स आज्ञा आणल्या तेव्हा त्यांच्यासाठी नव्या नोंदवह्या, म्हणजे रजिस्टरे, न देता जुन्या अपूर्णांक गणिताच्या रजिस्टरांचीच जागा वापरली. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना कार्यप्रणाली ती रजिस्टरे आधीपासूनच जपून ठेवत असल्याने तिच्यात बदल करावा लागला नाही. १९९९ च्या पेंटियम ३ मधील एसएसई आज्ञांना मात्र खरोखरच नवी रजिस्टरे मिळाली, आणि कार्यप्रणालीने 'मी ती जपेन' असे प्रक्रियकाला सांगितल्याखेरीज त्या आज्ञा चालेनात.

आधार असूनही वापर नाही

कार्यप्रणालीने सर्व प्रक्रियक चालू केले तरी ज्या आज्ञावलीत एकच थ्रेड आहे ती एका वेळी एकाच प्रक्रियकावर चालते. तिचे तुकडे करून वाटण्याचे काम कार्यप्रणाली करत नाही. पायथन भाषेच्या प्रचलित अंमलबजावणीत तर अनेक थ्रेड असूनही एका सामायिक कुलपामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनच्या आज्ञा चालवतो. हे कुलूप वगळलेली प्रायोगिक आवृत्ती २०२४ मध्ये ३.१३ सोबत उपलब्ध झाली. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलेली मर्यादा याहून मूलभूत आहे: एखाद्या कामाचा दहावा हिस्सा एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर प्रक्रियक कितीही वाढवले तरी ते काम दहापटीहून अधिक वेगाने होत नाही. ही मर्यादा कार्यप्रणाली असो वा नसो, सारखीच लागू पडते.